पांढऱ्या रंगाखालचा बोल्ट

जीप चालू का होत नाही, हे मला आजही कोणी शिकवायला येऊ नये. इंजिन फिरवणारा सेल्फ दाबल्यावर नुसतं 'कट्' झालं, की आधी दिव्यांकडे बघायचं. दिवे तसेच झगझगीत राहिले, तर दोष बहुतेक सेल्फमध्ये. दिवे मावळले, तर बॅटरीत, नाहीतर तिच्या जोडण्यांत. यातलं 'नाहीतर' मी एकदा गाळलं होतं.

हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे ठरले तेव्हा मी कालव्यांच्या खात्यात, मोटारखान्याचा ओव्हरसियर होतो. राहायला बरकतपुऱ्यात, जाणंयेणं सायकलवर, वय सव्वीस आणि तोरा पन्नाशीचा. माणसांच्या याद्या वर कुठेतरी ठरत होत्या, पण सामानाची वाटणी आमच्याच अंगणात चालली होती. टेबलं, टाइपरायटर, मोजणीच्या साखळ्या, पंप, सगळ्यांवर रंगाची खूण करायची. पिवळी खूण म्हणजे इथेच राहणार, हिरवी म्हैसूरकडे, पांढरी औरंगाबादला. जेवणाच्या सुट्टीत एखादी बरी खुर्ची पांढऱ्याची पिवळी होऊन बसे आणि विचारावं तर कोणालाच काही माहीत नसे.

आमच्याकडे धड जीप एकच होती आणि ती पांढऱ्या वाट्याला आली होती. तिची खूण कोणी खरवडू नये म्हणून मी एक शक्कल लढवली. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी तांब्याची जाड पट्टी असते, तिला अर्थ म्हणतात. तिचा बोल्ट मी सोडवायला लावला, खालच्या लोखंडावर पांढऱ्या इनॅमलचे दोन हात दिले आणि रंग वाळल्यावर पट्टी वरून आवळून टाकली. आता शोधा म्हणावं खूण! रंग देताना जीपचे ड्रायव्हर जवळ आले होते. "साब, वो क्या है...," एवढं ते म्हणाले असतील. "उस्ताद, पहले दो चाय बोलके आओ," मी म्हटलं. ते गेले.

हे ड्रायव्हर अंबरपेठचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमच्याकडे रिवाजच होता: गाडी जिकडे, ड्रायव्हर तिकडे. पण गाडी मोडीत निघाली किंवा ड्रायव्हरच्या नावावर शेरा पडला, तर तो जादा माणसांच्या यादीत जायचा, म्हणजे घरी बसायचा. उस्तादांच्या घरी खाणारी सहा तोंडं. औरंगाबादला जायचं म्हणून त्यांनी घरातल्या पेट्याही बांधायला घेतल्या होत्या.

खूण केल्यावर आठवडाभर जीप जागेवरच उभी होती. आठव्या दिवशी दुपारी वाटणीची समिती येणार, तिला प्रत्येक गाडी सेल्फवर चालू करून दाखवायची, हँडल मारलेलं चालणार नाही, असा हुकूम होता. त्या सकाळी उस्तादांनी सेल्फ दाबला. 'कट्.' दिवे मावळले.

"बॅटरी बसली," मी लांबूनच निकाल दिला. "पाणी कधी टाकलं होतं?"

"पानी तो मैं रोज देखतूँ साब."

मी झाकणं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. तिथल्या तिथे इंग्रजीत चिठ्ठी खरडली, 'चालकाचे बॅटरीकडे दुर्लक्ष', आणि शिपायाबरोबर साहेबांकडे पाठवून दिली. मग अंगणातल्या दुसऱ्या, मोडक्या जीपमधली, आदल्या दिवशीच चार्ज करून आणलेली बॅटरी बसवली. पुन्हा 'कट्'. पुन्हा दिवे मावळले. तरी माझं तोंड थांबेना. "सेल्फही गेलेला दिसतोय," मी म्हटलं.

"साब, जरा दबाके पकडो," उस्ताद म्हणाले आणि खाली वाकले. मी सेल्फ दाबून धरला. त्यांनी अर्थच्या बोल्टला बोट लावलं आणि चटकन काढलं. "अब आप हात लगाके देखो."

बोल्ट चहाच्या पेल्यासारखा तापला होता. पुढचं मला कोणी सांगायची गरज पडली नाही. करंटची वाट जिथे अडते तिथे ऊब धरते. मी पाना लावला, पट्टी बाजूला केली, आणि खाली माझा पांढरा रंग चकचकत होता. चोरांपासून राखलेला. उस्तादांनी कानशीने तो लोखंडापर्यंत घासला, जुनीच बॅटरी परत जोडली, पट्टी आवळली. सेल्फ दाबताच जीप गरजली.

मी साहेबांकडे धावलो. साहेब जामबागचे, तीन पिढ्या सरकारी नोकरीत मुरलेलं घराणं. माझी चिठ्ठी उस्तादांच्या फायलीला टाचून झाली होती.

"लागलेला कागद निघत नाही," ते म्हणाले. "दुसरा लिहा, तोही लावतो. पण तो तुमच्याही फायलीला लागेल."

मी व्हरांड्यात बसून लिहू लागलो, 'नजरचुकीने रंग लागल्यामुळे'. उस्ताद समोरच हात पुसत उभे होते.

"उस्ताद, बोल्टच बघायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचना कायका साब?" ते सहज म्हणाले. "रंग लगारे थे ना, उसीच दिन बोलनेकू आया था मैं. आप चाय बोलनेकू भेजे."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. मला मनापासून लाज वाटली. 'नजरचुकीने' खोडलं आणि लिहिलं, 'चालक सांगायला आला होता, मी ऐकून घेतले नाही. चूक माझी.'

"क्या लिखे साब?"

मी वाचून सांगितलं. ते कावरेबावरे झाले. "इत्ता नक्को लिखो साब. आपकी नौकरी अभी नई है."

"हौ, पर बात सच्ची है," मी म्हटलं आणि खाली सही ठोकली.

समितीसमोर जीप पहिल्याच दाबाला चालू झाली. उस्तादांचं नाव पांढऱ्या यादीत राहिलं. माझ्या फायलीतला तो कागद मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

महिन्याभराने जीप औरंगाबादला निघाली. पेट्या चढवून झाल्या, उस्ताद स्टिअरिंगला बसले. मी त्यांना खाली उतरवलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि दोन चहा सांगायला स्वतः गेलो.