फोटोतल्या फौजदारीणबाई

चहाला उकळी आली होती. काका टेबलाशी बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते आणि काकू त्यातलं अक्षरही न ऐकता मधूनमधून "हो का!" म्हणत होत्या. रोजचंच होतं हे. आज काकांनी खोडी काढली.

"आज सूर्य उगवणार नाही म्हणे."

"हो का! बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते डोक्यात शिरल्यावर अशा काही हसल्या, की गाळणीतला चहा निम्मा ओट्यावर गेला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. हातात मोबाइल.

"हसणं ऐकू आलं, म्हटलं घरात जाग आहे. घ्या, तुमच्या लेकाचा फोन. तुमचा लागत नाहीये म्हणे."

लेक, सून आणि तीन वर्षांची नात दूरच्या गावी राहत. पुढच्या आठवड्यात तिघंही सुट्टीला यायची होती. काकूंनी पांघरुणं धुऊन ठेवली होती, पडदे बदलले होते, इतकंच काय, काकांचे केससुद्धा कापवून घेतले होते.

"आई, जरा पंचाईत झालीय," लेक म्हणाला. "छकुली यायचं नाही म्हणतेय."

"का रे? बरं नाही का तिला?"

"बरी आहे." तो जरा अडखळला. "रागावलेल्या आजीकडे नाही जायचं म्हणते. तुझा फोटो आला की अल्बमवर हात ठेवते."

नातीनं त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते पाळण्यातून. त्यानंतर आजी म्हणजे फोटो. व्हिडिओ कॉलवरही तीच गत. समोर कॅमेरा आला की काकूंच्या चेहऱ्याचा दगड व्हायचा.

आता काकू कोण, तर गल्लीच्या टोकाचं फोटो फ्रेमचं दुकान चालवणाऱ्या. दुकान काढलं काकांनी, पण त्यांचा हात काचेवर थरथरायचा. लग्नानंतर लवकरच काकूंनी काच कापायची हिरकणी त्यांच्या हातातून काढून घेतली, ती आजतागायत परत दिली नाही. काका दुसरं टोक धरतात. तेही डोळे घट्ट मिटून. अख्ख्या गल्लीचे हसरे चेहरे काकूंनी काचेआड बसवलेत. ओढूनताणून आणलेलं हसू त्या लांबून ओळखतात. "हा नवरदेव हसत नाहीये, याला बूट लागतोय," असं गिऱ्हाइकासमोर म्हणायलाही कमी करत नाहीत. पण स्वतःच्या फोटोत? मुलाच्या बारशाचा बघा नाहीतर परवाच्या सहलीचा, काकू कुणाला तरी बेड्या ठोकायला आल्यासारख्या. घरात त्या फोटोंना 'फौजदारीणबाई' असंच नाव होतं. आजवर त्या नावाला सगळ्यांत जास्त हसल्या त्या काकूच.

त्या दिवशी मात्र त्यांना हसू आलं नाही.

"एक हसरा फोटो पाठव ना, आई," लेक म्हणाला. "तिला रोज दाखवीन."

मग सुरू झाली मोहीम. काकांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा आला. गल्लीतल्या फोटोवाल्यानं काकूंना दिव्यांसमोर बसवलं. "काकू, हनुवटी खाली. खांदे सैल. आता हसा." काकूंनी ओठ ताणले. फोटोवाल्यानं फोटो पाहिला आणि अदबीनं म्हणाला, "काकू, मी काही चुकलो का?"

बाईंनी वर्गात हमखास पिकणारे विनोद सांगून पाहिले. काकू खळखळून हसायच्या आणि मोबाइल वर होताच गप्प. शेवटी बाईंनीच पकडलं.

"अहो, तुम्ही श्वास रोखून धरता!"

"मग? रेघ मारताना धरावाच लागतो," काकू म्हणाल्या.

"इथे कुठे रेघ मारताय?"

काका टाळी वाजवून ओरडले, "तरीच! हिची काच टक्कन तुटली ना, की ही श्वास सोडते आणि मला हसते. रोज!"

"मग डोळे मिटून उभे राहता कशाला लहान पोरासारखे?"

"ते असू दे. काच काप तू."

बेत ठरला. दुकानात टेबलावर काच मांडली, काकांनी टोक धरून डोळे मिटले, बाई मोबाइल सरसावून उभ्या राहिल्या. काकूंनी श्वास धरला, हिरकणीनं रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर आणून दाबली. पण लक्ष अर्धं मोबाइलकडे. काच टक्कन न तुटता कर्रकन तिरकी गेली आणि एक लांबट तुकडा जमिनीवर पडून फुटला.

इतक्या वर्षांत काकूंच्या हातून असं झालं नव्हतं.

काकांनी एक डोळा उघडला. खाली पाहिलं. मग दुसरा उघडला.

"बघ," ते गंभीरपणे म्हणाले, "मी काय उगाच मिटत होतो का?"

काकूंचा बांध फुटला. त्या टेबल धरून हसल्या, स्टुलावर बसून हसल्या, पदरानं डोळे पुसत "अहो, पुरे, पोट दुखतंय" म्हणत हसल्या. बाई काच चुकवत पुढे झाल्या आणि फोटो काढत सुटल्या. आपल्यासमोर कॅमेरा आहे, हे काकूंच्या गावीही नव्हतं.

फोटो बघितल्यावर मात्र त्या दचकल्या. "अगं बाई! तोंड केवढं ते! केस बघा. आणि पडलेल्या दाढेची खिंड दिसतेय की. पुसून टाका तो."

"खबरदार," काका म्हणाले. "याच बाईशी मी संसार केलाय. ती फौजदारीण कोण, मला माहीत नाही."

बाईंनी काकूंना विचारलंच नाही. फोटो लेकाला गेला.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. मागे कलकलाट चालला होता. "आई, ही फोटो सोडतच नाहीये. आजीचा एक दात कुठे गेला म्हणून विचारतेय. तिथे येऊन बघायचाय म्हणे. बॅगेत बाहुली भरून बसलीय."

"ये म्हणावं. आ करून दाखवते," काकू म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. या खेपेस डोळ्यांतलं पाणी वेगळं होतं, म्हणून काकांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"मोठा करून भिंतीवर लावणार आहे मी," लेक म्हणाला. "तुला काही हवंय का इकडून?"

"काही नको," काकू म्हणाल्या. "फोटो तेवढा तिच्या उंचीला लाव."