पावडर टाकण्याआधी

अन्याय झाला तो माझ्या काकीच्या सहा वर्षांच्या नातीवर, यंदाच्या चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी. जुलाबांनी बेजार होऊन ती डिचोलीच्या इस्पितळात सलाईन लावून पडली होती, आणि पाणी तपासणारा माणूस अंगणात उभा राहून सांगत होता, "विहिरीचा मागचा अहवाल चांगला आहे. सणाच्या गोड नेवऱ्या जास्त खाल्ल्या असतील तिनं."

काकीनं फोनवर हे सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. पेडण्याची माझी मैत्रीण अशाच जंतूंवर संशोधन करते. तिनं दाखवलेली चिप टपाल तिकिटाएवढी, आत केसासारख्या बारीक नळ्या. बाटलीभर पाणी गाळायचं, गाळणीवर उरलेलं थेंबभर आत सोडायचं. विष्ठेतले जंतू असले तर नळीत अडकतात आणि तासाभरात मोबाइलवर हिरवी रेघ दिसते. तासाभरात! मी लगेच काकीला उलट फोन केला, आम्ही दोघी उद्या येतो म्हणून.

गेलो. रेघ नाही. मनात तपासणीवाल्यांविरुद्धचं पत्रक लिहून तयार होतं, ते तिथंच फाटलं. मैत्रिणीनं कळशी हुंगली. "काकी, हा पोहायचा तलाव आहे की विहीर?"

काकी शांतपणे म्हणाली, "ब्लीचिंग पावडर घातलंय. तुमी येतलास म्हणान सांगितलंस मां? पावण्यांका घाण दाखवची काय?"

तपासणीवाल्यांचाही फोन आदल्या दिवशी येतो. अख्खा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, तेव्हाही हेच करतो, लाजेपोटी. चांगला अहवाल तो हा. आणि मीही शहाणी, फोन करून गेले होते.

आठ दिवसांनी, नात इस्पितळातून घरी आल्यावर, न सांगता गेलो. एक बाटली चिपसाठी, दुसरी सील करून प्रयोगशाळेसाठी, कारण चिपचा निकाल सरकार अजून मानत नाही. आम्ही तिघी मोबाइलवर वाकलो. रेघ उमटली, मग ठळक झाली.

काकीनं चष्मा लावला. "ह्यां काय गो?"

"गू, काकी."

ती अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे बघत राहिली. तिथं शेजाऱ्यानं भाड्याच्या खोल्यांसाठी नवा शोषखड्डा खणलाय. मग आत जाऊन तिनं पावडरीचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला. "सरकारी माणूस नमुनो नेयपर्यंत हो डबो तुझ्याकडे ठेव. नातीक मी पाणी उकळून दितंय."

तुमच्या वाड्यावर फोन आला की तुम्हीही डबा उघडताच. उघडू नका. खरा अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या, आणि आजच पंचायतीला लेखी द्या: न सांगता या, बाटली आमच्यासमोर भरा.