विनंती थांबा

मास्तरांच्या तोंडात आता एकच शब्द उरला आहे. थांबा.

कंडक्टरला बसमधले सगळेच मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. समुद्राकाठच्या एकाच रस्त्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली. सत्तेचाळीस थांब्यांची नावं ते अशी ओरडायचे की गाढ झोपलेला माणूसही नेमका आपल्या गावाला दचकून उठायचा. गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर खाली बसले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि नावं झाडून सगळी गेली. अक्षरंही गेली. वर्तमानपत्र समोर धरलं तर कापडावरची नक्षी बघावी तसे ते बघतात. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, बाहेर येत नाही. कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो. कोणता राहावा, ते कोणाच्या हातात नसतं.

पाणी हवं तर थांबा. पाणी नको तरी थांबा. पाठ दुखली, डास चावला, कोणी दार उघडं टाकलं, थांबा. वर्षभरात त्यांची बायको यात बरीच तयार झाली आहे. आल्या-गेल्याला ती समजावून सांगते, "हा पाण्याचा. हा पंखा बंद करा म्हणणारा. आणि असा ताणून म्हटला ना, की तो माझ्यावर चिडल्याचा. तो मला लग्नापासून पाठ आहे. पूर्वी शब्द जास्त लागायचे, एवढंच."

मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली, तेव्हा ती मनाशी ठरवूनच आली होती. बाबांना गाडीत बसवायचं आणि त्यांच्या त्या रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण दिवसाला चार तासांच्या वर बसवू नका म्हणाले. म्हणजे दोन दिवस, मधे एक मुक्काम आणि फार तर तीन ठिकाणी उतरणं. जेवणाच्या टेबलावर तिने मोठा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले आणि सहलीच्या वेळापत्रकाचा कागद व रंगीत पेनं काढली.

"बाबा, रस्ता तुमचाच. पण या खेपेला तुम्ही प्रवासी. तिकीट मी फाडणार."

मास्तर हसले. डाव्या बाजूने.

"पहिला थांबा, दीपगृह. जिना नाही चढायचा, खालूनच बघायचं. दुसरा, पांढऱ्या वाळूचा किनारा, तिथे खुर्च्या मिळतात. मुक्कामही तिथेच. तिसरा, खाडीवरचं काचेच्या खिडक्यांचं हॉटेल. चालेल?"

"थांबा," मास्तर म्हणाले.

"आई, हे हो आहे की नाही?"

बायको हातातलं काम ठेवून ऐकत राहिली. "परत म्हणा बघू," ती म्हणाली. मास्तरांनी परत म्हटलं. "हा माझ्या ओळखीचा नाही," ती म्हणाली.

शब्दातच खोट होती. थांबा म्हणजे जरा थांबा, आणि थांबा म्हणजे जिथे बस थांबते ती जागा. मास्तर ही सहल थांबवायला सांगत होते, की तिच्यात एक जागा घालायला? मुलीने विचारलं, "जायचं नाही का तुम्हाला?" त्यांनी जोरात मान हलवली. तसं नाही. "मग कुठे उतरायचंय का?" ते एकदम पुढे झुकले. "थांबा!"

मग शोध सुरू झाला. कपाटावरच्या पेटीतून भाड्याचा जुना तक्ता निघाला. मुलगी एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. प्रत्येक नावाला मास्तरांचा चेहरा उजळायचा, जुना शेजारी भेटावा तसा, आणि मग मान नकारार्थी हलायची. सत्तेचाळिसावं नाव झालं. नाही. तिने त्यांचं डावं बोट धरून नकाशावर ठेवलं. बोट रस्ता सोडून निळ्या रंगात गेलं आणि तिथेच फिरत राहिलं. पण नकाशाशी त्यांचा संबंध कधी आलाच नव्हता. कंडक्टर उभा राहतो तो उतारूंकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ. मास्तरांना तो रस्ता तळपायांनी माहीत होता. कुठे टाच दाबायची, कुठे दांडी धरायची. ते वरून काढून कागदावर दाखवलं तर ओळखायचं कसं?

"अहो, काही खूण तरी करा," बायको म्हणाली.

मास्तरांनी बोटाच्या पेराने टेबलावर एकदाच टकटक केलं. टक्.

"एक बेल," बायको म्हणाली. "एक म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे सोडा."

"ते कळलं गं आई. पण कुठे?"

टक्.

"बाबा, मी तुमच्यासाठीच करतेय ना हे सगळं?" मुलीचा आवाज चढला, आणि चढला तसा तिला स्वतःलाच ऐकू आला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजारापासून ते लवकर येतं. डॉक्टर म्हणतात, त्याचा फार अर्थ लावू नका. तिने एकेका पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने ड्रायव्हरला बोलावून घेतलं. वीस वर्षं त्याने आणि मास्तरांनी एकाच बसवर काढली होती. तो काठी टेकत आला.

"काय मास्तर, आहे का जागा बसायला?"

"थांबा."

"म्हणजे आहे. सरका."

मुलीने सगळं सांगितलं. तक्ता दाखवला. ड्रायव्हर पोट धरून हसायला लागला.

"पोरी, तक्त्यात कसा सापडेल तो? तो विनंती थांबा! खांब नाही, पाटी नाही, नावसुद्धा नाही. कोणी हात केला किंवा आतून कोणी सांगितलं तरच थांबायचं. जुना पूल संपला की कड्याच्या पोटातून एक वळण होतं, तिथे. वीस वर्षांत एक माणूस चढला नाही की उतरला नाही. पण परतीच्या प्रत्येक फेरीला यांची एक बेल ठरलेली. चार मिनिटं. खाली उतरायचे आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, मास्तर, बघता काय? तर म्हणाले, दिवसभर दोनशे तोंडं बघतो. इथे समोर एकही तोंड नाही."

मास्तर मांडीवर हात आपटत होते. "थांबा! थांबा!"

"कोणीतरी तक्रार केली. साहेबांनी लेखी विचारलं, सदर ठिकाणी विनंती कोणाची होती? यांनी खाली लिहिलं, कंडक्टरची." ड्रायव्हरने डोळे पुसले. "पंधरा दिवस घरी बसवलं होतं त्यांना. वहिनी, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पाय मुरगळला म्हणून," बायको म्हणाली. "आणि मी रोज शेकून देत होते!"

तिघेही हसले आणि मास्तर सगळ्यांत मोठ्याने. मुलीने पेन उघडलं. "दाखवा काका, नेमकं कुठे?"

ड्रायव्हरने नकाशावर बोट फिरवलं आणि उचललं. "वहिनी, चहा टाकता का जरा?" असं म्हणून तो काठी घेऊन तिच्यामागे स्वयंपाकघरातच गेला. मुलगीही गेली.

"दोन वर्षांपूर्वी कडा कोसळला तिथे," तो हळू आवाजात म्हणाला. "वळण समुद्रात गेलं. पाव मैल रस्ताच नाही. आता डोंगराच्या आतून बोगदा काढलाय. पुलावरून शिरलात की थेट पलीकडे निघता. समुद्र दिसतसुद्धा नाही. मी बोललो नव्हतो त्यांना. नोकरी सुटलेली, म्हटलं काय गरज?"

चहाचं पाणी उकळत राहिलं.

"सांगायला हवं," मुलगी म्हणाली.

"सांग मग," ड्रायव्हर म्हणाला.

"मी?"

"वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं काहीतरी कोणाला कळलं," बायको म्हणाली. "आणि त्यावर लगेच नाही म्हणायचं? माझ्या जिभेला नाही जमणार."

"मग दुसऱ्या एखाद्या वळणावर थांबू. समुद्र काय, सगळीकडे सारखाच," मुलगी म्हणाली.

"त्यांना फसवणार?" ड्रायव्हर म्हणाला. "डोळे बांधून न्या, तरी ओळखतील."

ते बाहेर आले तेव्हा मास्तरांनी डाव्या हाताने वेळापत्रकाचा कागद स्वतःकडे ओढून घेतला होता. वाचता येत नव्हतं, तरी रिकामी जागा त्यांनी बरोबर शोधली होती आणि तिच्यावर बोट ठेवलं होतं. ते मुलीकडे बघत राहिले. मुलीने आईकडे पाहिलं. आईने कपबशा मांडायला घेतल्या. मग मुलीने हॉटेलवर काट मारली आणि त्या जागी लिहिलं: विनंती थांबा, चार मिनिटं. मोठ्याने वाचूनही दाखवलं. मास्तरांनी ते तिला तीनदा वाचायला लावलं.

शनिवारी सकाळी गाडी दाराशी उभी होती. मास्तर कधीचे बूट घालून बसले होते. दाढी त्यांनी स्वतः केली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. पुढच्या सीटवर बसवलं तर ऐकेनात. मागे, समुद्र ज्या बाजूला येणार त्या खिडकीशी जाऊन बसले. ड्रायव्हर निरोप द्यायला आला होता. मास्तरांनी शेजारच्या जागेवर हात थोपटून त्याला बोलावलं.

"नको मास्तर, गुडघे," तो म्हणाला आणि काठीकडे बघत राहिला.

मुलगी गाडीत बसली. आई पुढे, तिच्या शेजारी. मुलीने किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या आवाजाआड, मान न वळवता विचारलं, "उद्या बोगदा आला की काय सांगायचं?"

आईने पट्टा ओढून लावला. मागे मास्तर काच खाली करत होते.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली. "निघ तू. ते वाट बघतायत."