रापणीतला वाटा

भंडारा रोड स्टेशनवर बाबांनी मला गाडीत बसवलं, तेव्हा त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. "तीन वर्स काढजो अन् बदली मागजो. तिकडे आपलं कोन हाये?" जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती, तीही थेट सिंधुदुर्गात. मी एकोडीची, धानाच्या बांधीत वाढलेली. समुद्र पाहिला होता तो भूगोलाच्या पुस्तकात. आई स्टेशनवर आलीच नाही. तिनं तांदूळ बांधून दिले आणि राग आपल्याजवळ ठेवला. तो अजून पुरता गेलेला नाही.

मी रडले नाही. खोटं कायले बोलू? मला जायचंच होतं.

मालवणच्या खालच्या अंगाला, किनाऱ्याला लागून आमची शाळा. पहिल्याच आठवड्यात एका पालकबाईनं विचारलं, "बाई, तुमी जातलात कधी?" मी येऊन सहा दिवस झाले होते. पण तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडचे शिक्षक यायचे, बदलीची वाट पाहत दिवस काढायचे आणि जायचे. माझं सामानही अर्धं बांधलेलंच होतं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी अर्धा वर्ग रिकामा. म्हणे रापण लागली. रापण म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण माझा राग मला चांगला ठाऊक होता. हजेरीपट घेऊन तरातरा किनाऱ्यावर गेले. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडलेलं, त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर आणलेले, आणि दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा. बाया, म्हातारे, माझा वर्ग, सगळे पाय रोवून मागे मागे सरकत ओढून राहिले होते. मी ओरडायला तोंड उघडलं तर बाबीआजो म्हणाले, "बाई, मगे बोला. पयली दोरी धरा." हे बाबीआजो तिथले म्हातारे तांडेल. समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा.

धरली मी दोरी. धानाच्या रोवणीला कंबर मोडेस्तोवर वाकलेली पोरगी मी, दोरीला काय भिते? तासाभरात तळहात सोलून निघाले. जाळं वाळूला लागलं, चांदीसारखे पेडवे आणि बांगडे उड्या मारू लागले. वाटे पडायला लागले तशी मी पदर खोचून शाळेकडे निघाले. परक्याच्या दारचं काही उचलू नये, मदत करून निमूट निघावं, ही आमच्या घरची शिकवण.

दुसऱ्या दिवशी बाबीआजो शाळेच्या पायरीवर पानात गुंडाळलेले मासे घेऊन बसलेले. चेहरा आंबलेला. "दोरीक हात लावलात तर वाटो घेवकच व्हयो. वाटो सोडून जाता तो पावणो."

मी ओशाळून विचारलं, "रापण म्हणजे ते मोठं जाळंच ना?" आजो म्हणाले, "जाळा ती रापण. ओढतत तीव रापण. आनि ओढणारी माणसांय रापणच." त्यांच्याकडे अमका माणूस आमच्या रापणीचा, असं म्हणतात. सोयरीक जुळवताना, भांडण मिटवताना, मयताला खांदा देतानाही म्हणतात. माझ्या झाडीबोलीत इतकं सगळं एकटा सांभाळणारा शब्द मला आठवला नाही, आणि आम्ही झाडीपट्टीची माणसं शब्दांना काही कमी नाही. त्या दिवशी मी वाटा घेतला आणि संध्याकाळी सामान सोडून कपाटात लावलं.

नंतरची वर्षं काही गोडगुलाबी नव्हती. यंत्राच्या जाळ्यांच्या मोठ्या बोटींनी समुद्र खरवडून नेला. कित्येक सकाळी दोर ओढून हाती शेवाळ येतं. तरी असतील ते चार मासे वाटून घेतात, आणि त्यात माझा वाटा असतो. पोरंही आता आधी दोरी, मग प्रार्थना असं करून वेळेवर वर्गात येतात. हे मी घडवलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. सांगायला लाजत नाही.

यंदा माझी सेवा बदलीला पुरेशी झाली. फॉर्म भरला की भंडारा मिळणार, हे जवळजवळ ठरलेलंच. बाबांच्या फोनवर मी हो-नाही करत राहिले. तेव्हा धान चुरून, मळणी आटोपल्यावर बाबा स्वतःच मला न्यायला आले. पहिल्या रात्री जेवताना म्हणाले, "तुई माय रोज वाट पाहून राहिली. मी फॉर्म भरल्याबिगर जात नाई." मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. आईचं नाव आलं की मी अशीच हाताला काम शोधते.

सकाळी रापण होती. बाबा धोतर खोचून बघत उभे होते, मग कोणी न सांगताच माझ्या मागे दोरीला लागले. मासे पडले. त्या दिवशी वाट्यांवरून दोन घरांत कुरबूर सुरू झाली, तशी मी बाबीआजोंना सांगितलं, की आमच्या गावच्या बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं, पाणी आटलं आणि मासे मारले की त्याचे वाटे बाबाच पाडतात, आजवर कोणी नाव ठेवलं नाही. आजोंनी बाबांना पुढे बोलावलं. "तुमीच करा."

बाबांनी आयुष्यात बांगडा पाहिला नव्हता. एकेक मासा उचलून "हा कोनता?" विचारत, मोठा-लहान जुळवत, त्यांनी वाळूवर ढीग लावले. अर्धा तास लागला. कुरबूर करणारे दोघेही आपापला ढीग मुकाट उचलून गेले. शेवटी दोन ढीग उरले. एक त्यांनी आपल्यापुढे ओढला. दुसऱ्याकडे बोट दाखवून आजोंना म्हणाले, "हा आमच्या पोरीचा. हिचा पयलेपासूनच हाये ना?"

आजो म्हणाले, "पयल्यापासून."

बाबा आणखी चार दिवस राहिले. चारही सकाळी दोरीवर गेले. फॉर्मचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. गाडी सुटताना एवढंच बोलले, "मायले मी समजावतो."

एकोडीच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं सामान बांधून कुठंकुठं पांगलेल्यांनो, फॉर्मची मुदत मंगळवारी संपली. त्या दिवशी मी दोरीवर होते.