आजोबांचं मौन आणि सुधूची करंगळी

बालाघाटच्या मराठी मंडळात गुणाकरराव बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतली माणसं आधी आपल्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवत. कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, फायली हिंदीत गेल्या, पण गुणाकररावांचं तोंड मराठीतच राहिलं, आणि उघडं राहिलं. दूधवाल्या प्रेमलालला त्यांनी एकदा 'दुग्ध' शब्दाचं मूळ समजावून सांगितलं, तेव्हापासून तो चरवी फाटकावरच ठेवून पसार होई.

अशा घरात नातू सुधू जन्मला आणि दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. ऐकायला सगळं येई. मांजर चुलीकडे गेलं तरी मान वळवी. पण तोंडातून शब्द नाही. वेखंड चाटवून झालं, पोपटाचा उष्टा पेरू भरवून झाला. सून कालिंदी काळजीने अर्धी झाली. मुलगा जंगल खात्यात, बैहरला. तो शनिवारी येऊन काळजी करी आणि सोमवारी परत जाई.

खरं निदान केलं ते नीळकंठराव वकिलांनी. गणेशोत्सवात 'मातृभाषेचे महत्त्व' या विषयावर कोण बोलणार, हे मंडळाच्या बैठकीत ठरत होतं. गुणाकररावांचा हात दरसालप्रमाणे वर होताच. बोलता बोलता नातवाचा विषय निघाला.

"पोराला काहून दोष देता गुणाकरराव?" पानाला चुना लावत वकील म्हणाले. "तुमच्या घरात बोलायला त्याचा नंबर तर लागला पाहिजे!"

सगळे हसले, आणि जरा जास्तच मनापासून हसले. गुणाकररावांचे कान लाल झाले. चातुर्मास तोंडावर होता. त्यांनी भरसभेत प्रतिज्ञा केली की नातू बोलेपर्यंत आपण मौन धरू. तो बोलला तर भाषण आपलं, नाहीतर वकिलांचं. एवढी प्रतिज्ञा करायला त्यांना पाऊण तास लागला.

मौन सुरू झालं. म्हणजे जीभ थांबली, हात सुटले. पाची बोटं जुळवली की भात. तळवा ताटावर आडवा धरला की पुरे. कपाळावर बोट टेकवलं की अहिल्याबाई, म्हणजे कुंकू, म्हणजे बायको. छातीवर दोन्ही हातांनी कोट ओढल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं की नीळकंठराव. मीठ कमी पडलं तर ते असा काही अभिनय करीत की अहिल्याबाई म्हणत, "अहो, बोलत होते तेच बरे होते. निदान भांडे तरी नव्हते सांडत!"

पण म्हणत तेवढंच. मनातून त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की आपल्या घरात भिंतीवर घड्याळ आहे आणि ते टिकटिक करतं.

सुधू जेवताना आजोबांच्या मांडीवर असे. आठवड्याभरात त्याने पाची बोटं जुळवली. पुढच्या आठवड्यात वरणाच्या वाटीवर तळवा आडवा धरला. करंगळी वर केली की अंगणात न्यायचं, हेही तो शिकला आणि गुणाकररावांची धोतरं सुखरूप राहू लागली. दुपारभर दोघं ओसरीवर बसून गप्पा मारीत. कावळा आला, गेला, मांजर दूध प्यालं, आजी रागावली. गुणाकररावांनी उभ्या जन्मात हजारो भाषणं केली असतील, पण शेवटच्या हातवाऱ्यापर्यंत जागेवर बसून राहिलेला श्रोता त्यांना हा पहिलाच मिळाला होता.

गोची अशी की सगळं हातानेच भागत असल्यावर पोरगं बोलेल कशाला? आणि ते बोलल्याशिवाय भाषण नाही! गुणाकररावांनी सुधूसमोर ओठ हलवून दाखवले: आ, जो, बा. आवाज अर्थातच नाही. सुधूने नीट पाहिलं आणि तस्सेच ओठ हलवले, आवाज न करता.

गणपती बसले. वकिलांनी कोट इस्त्रीला दिला. कुणाच्या तरी तोंडी निरोपही पाठवला, 'नातवाला बरं वाटो. भाषणाची काळजी नसावी.'

भाषणाच्या दिवशी सकाळी गुणाकरराव तोंड धुवायला मागच्या अंगणात निघाले आणि दारातच थबकले. विहिरीजवळ मैनाबाई भांडी घासत होती. शेजारी सुधू उकिडवा.

"मैना, पानी दे!"

"थांब नं बाप्पा, देतो."

"और दे!"

"बोलतो!" गुणाकरराव ओरडले. बंद पडलेल्या रहाटासारखा आवाज निघाला. "हा बोलतो! कधीपासून?"

मैनाबाईच्या हातातली कढई निसटली. "राखीपासून बोलून राह्यला जी. आजीले नं सूनबाईले ठावं हाये. आजी म्हणे, मालकाले सांगू नोको. घर कसं थंड हाये म्हणे."

अहिल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. लाजल्या, पण फार नाही. "तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही बोलायला लागले नसते का?"

"पण माझ्याशी का नाही बोलला एक शब्द?"

"तुम्हाले बोलता येत नाही असं वाटते त्याले," मैनाबाई म्हणाली. "मुक्यासंगं हातानंच बोला लागते. लहान हाये, पण समजदार हाये."

सुधू हे सगळं आ वासून पाहत होता. तो दुडुदुडु आला. आजोबा खाली बसले तसं त्याने त्यांच्या तोंडात दोन बोटं घातली आणि आत कोण बोललं ते वाकून पाहिलं. मग हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि आजोबांकडे पाठ करून मैनाबाईला चिकटला. दिवसभर तो त्यांच्याजवळ आला नाही. गुणाकररावांनी लाडू दाखवला, "सुधूबाळ" म्हणून हाक मारली. सुधू कालिंदीच्या पदराआडून त्यांच्या तोंडाकडे संशयाने बघत राहिला.

संध्याकाळी मांडव भरला. पहिल्या रांगेत कालिंदी, तिच्या मांडीवर सुधू. दोन महिन्यांचं साचलेलं घेऊन गुणाकरराव उभे राहिले. मागच्या रांगेने चपला बघून घेतल्या.

"आईच्या दुधासोबत जी मिळते, ती मातृभाषा," त्यांनी सुरुवात केली. रंग चढत गेला. राजधान्या बदलतात, सरकारं बदलतात, पण काळजातलं बोलणं... आणि त्यांची नजर खाली गेली.

सुधूने करंगळी वर केली होती.

शेजारी आई होती, पलीकडे आजी होती. दोघींना तो तोंडाने सांगू शकला असता. पण करंगळी थेट व्यासपीठाच्या दिशेने होती, आणि डोळे आजोबांच्या डोळ्यांत.

गुणाकरराव वाक्याच्या मधोमध थांबले. त्यांच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी हाताने विचारलं, आत्ता? सुधूने मान हलवली, आत्ता. ते व्यासपीठावरून उतरले, पोराला काखोटीला मारलं आणि धोतर सावरत मांडवाबाहेर पळाले.

लोकांना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि टाळ्या पडल्या त्या थांबेचनात.

मांडवामागच्या अंधुक उजेडात काम उरकलं. नीळकंठराव शोधत आले. "गुणाकरराव, चला की. वाक्य अर्धंच राहिलंय तुमचं!"

गुणाकरराव बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुधूने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. छातीवर कोट ओढल्यासारखं करून वाकडं तोंड केलं. सुधू खदखदून हसला आणि त्यांच्या गळ्यात पडला.

मग आजोबांनी वकिलांकडे वळून तळवा हवेत आडवा धरला.

"हे काय?" वकिलांनी विचारलं.

"पुरे," सुधू म्हणाला.