नव्या सोफ्याची तालीम

दोन वर्षं आमच्या हॉलमधलं एक स्टूलसुद्धा मी कुणाला हलवू दिलं नव्हतं. कामाच्या मावशींनी एकदा फरशी पुसताना टीपॉय वीतभर सरकवला आणि तसाच ठेवला, तर मी त्यांना इतकं बोलले की त्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी हेकट झाली. वाटू दे म्हटलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

खरं कारण असं की आमच्या ह्यांना दिसत नव्हतं.

काचबिंदू. हळूहळू, कडेकडेनं नजर गेली. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून धरून ठेवायची. थेंब फ्रिजमध्ये असायचे. सुनेनं एकदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, माझेच आहेत, डोळे फार कोरडे होतात हल्ली. उरलं होतं काय, तर उजेड आणि अंधार, आणि खिडकीपाशी कुणी उभं राहिलं तर सावलीसारखं काहीतरी. हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचे. केसाएवढी चीर लांबून ओळखायचे म्हणून साहेब लोक बोलावून न्यायचे. अशा माणसानं मला देवासमोर बसवून शपथ घातली, मुलाला कळता कामा नये.

कळलं की काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मुलगा आणि सून खराडीला, सोळाव्या मजल्यावर. दर रविवारी यायचे आणि दर रविवारी तेच. "बाबा, तुम्ही दोघं इथे एकटे कशाला राहता? चला ना तिकडे." प्रेमानंच म्हणायचे हो, त्यात खोट नाही. पण हे म्हणायचे, "इथे मी घरमालक आहे. तिथे मी सामान होईन." इथे दारापासून बाथरूमपर्यंतची पावलं त्यांना पाठ होती. शोकेसची कड, दिवाणाचा कोपरा, मग खुर्चीची पाठ, असं हातानं चाचपत घरभर फिरायचे, आणि तेही इतक्या सहज की बघणाऱ्याला वाटावं, माणूस रमतगमत चाललाय. खाली सोसायटीच्या बाकावर जाताना काखेत पेपर घ्यायचे. तिथे दुसरं कुणीतरी बातमी मोठ्यानं वाचायचं आणि हे तिच्यावर वाद घालायचे. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून मुलानं ठरवलं, हॉल नवा करून द्यायचा.

मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आई, पडदे नको, रंग नको, सोफा नको. दिवाणाचा पाय विटेवर टेकवलाय. तुम्हाला आता घर झेपत नाहीये, हे तरी मान्य कर." घ्या! नको म्हणावं तर घर झेपत नाही म्हणून खराडी, हो म्हणावं तर हे पहिल्याच दिवशी तोंडावर पडणार आणि मग खराडीच. रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हटलं. निदान काय घ्यायचं ते तरी माझ्या हातात राहील, एवढाच हिशेब.

नगर रस्त्यावरच्या एका चार मजली दुकानात मला घेऊन गेले. तिथे मी प्रत्येक सोफ्याच्या कडेवरून हात फिरवत होते. विक्रेता कापडाचं कौतुक सांगत होता आणि मी बघत होते हाताला काय लागतं ते. एका सोफ्यापाशी कुणी बघत नाही असं वाटलं, म्हणून डोळे मिटून त्याला एक फेरी मारली. डोळे उघडले तर सून समोर उभी.

"आई, चक्कर येतीये का?"

"छे गं. झोप येतीये. किती ते सोफे."

ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

एल आकाराचा सोफा ठरला. माझी तक्रार नव्हती, त्याचा हात चांगला उंच होता, धरून चालायला बरा. माझं अडलं ते टेबलापाशी. मला गोल, लाकडी, गुडघ्याला लागलं तरी सोसेल असं हवं होतं. मुलानं पसंत केलं काचेचं, चौकोनी, पोटरीएवढं बुटकं.

"काच पुसायची कुणी?" मी म्हटलं.

"मावशी पुसतील."

"धारदार कोपरे आहेत."

विक्रेता मधे पडला. "आजी, ही साधी काच नाही. हत्ती उभा राहिला तरी फुटणार नाही."

"आमच्याकडे हत्ती नाही," मी म्हटलं. "माणसं आहेत."

सगळे हसले आणि टेबल ठरलं. काचेमुळे हॉल मोठा दिसतो म्हणे. ज्याला दिसतच नाही त्याला लहान काय आणि मोठा काय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, मला नीट समजावून सांग कुठे काय येणार. तिनं फोनवर नकाशाच काढलेला होता. सोफा गॅलरीकडच्या भिंतीला, टेबल त्याच्यासमोर, दारातून आत जायची वाट मोकळी. मापं मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली. सामान यायला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते आज सांगताना माझंच मला हसू येतं, तेव्हा हसू येत नव्हतं. ब्लाउजची मापं घ्यायची टेप काढली. मावशींना म्हटलं, झाडझूड करायचीये, हात लावा. शोकेस आतल्या खोलीत नेली, दिवाण ओढून गॅलरीकडच्या भिंतीला लावला, त्याला काटकोनात दोन खुर्च्या, की झाला एल. काचेच्या टेबलाच्या जागी रद्दीचे गठ्ठे बांधून बरोब्बर तेवढ्या मापाचे रचले. आणि मावशी गेल्या की दार लावून ह्यांची तालीम.

"दारातून चार पावलं. डावा हात खाली. लागला सोफ्याचा हात?"

"लागला. हा सोफा नाही, खुर्ची आहे."

"अहो, सोफा समजा."

"पन्नास वर्षं संसार करून आता बालवाडीत घातलंस मला."

पहिल्या दिवशी रद्दीवर दोनदा अडखळले. तिसऱ्या दिवशी चिडून शोकेसच्या जुन्या जागेकडे वळले आणि भिंतीला कपाळ लागलं. मी हळद आणायला धावले, तर ओरडले, "हळद नको, पिवळं कपाळ रविवारी दिसेल!" पण कारखान्यातली शिस्त अंगात होती. सकाळी अंघोळ झाली की दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. आठव्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन दारापासून सोफ्यापर्यंत गेले, बसले, आणि कप टेबलावर म्हणजे रद्दीवर ठेवला. थेंब सांडला नाही. मला म्हणाले, "बोलव तुझ्या मुलाला."

सामान रविवारी सकाळी आलं. मुलानं ह्यांना आधीच बाकावर पाठवून दिलं होतं, सगळं लागलं की बोलावतो म्हणून. मला स्वयंपाकघरात कोंडलं. "आई, तू करंज्या तळ. मधे मधे येऊ नकोस." मी तळत होते. बाहेर सामान ओढल्याचे आवाज, ठोकाठोकी, माणसं गेली तसं दार लागलं. शेवटचा घाणा काढून पदराला हात पुसत मी बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

सोफा गॅलरीकडे नव्हताच. आतल्या भिंतीला होता. आणि ते बुटकं काचेचं टेबल दारातून आत जायच्या वाटेवर, मधोमध.

"अरे, हे असं कसं? नकाशात तर..."

"तिकडे ठेवून बघितलं ना, टीव्हीवर सगळा उजेड येत होता. मग फिरवलं. भारी दिसतंय की नाही?"

"तसंच ठेव. आधीसारखं. आत्ताच्या आत्ता."

"आई, काहीतरीच काय! माणसं गेली. दोघांना उचलत नाही ते."

"टेबल तरी सरकव!"

सून म्हणाली, "आई, एवढं काय झालं?" आणि तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. मुलानं फोन करून ह्यांना वर बोलावलंसुद्धा होतं.

मी दाराकडे निघाले. एरवी मी तेच करायची, हातातली पिशवी घ्यायच्या निमित्तानं कानाशी दोन शब्द सांगायची. पण मुलानं हसत हसत माझा खांदा धरला. "थांब ना. त्यांना एकट्यांना बघू दे. व्हिडिओ काढतोय." आणि फोन दाराकडे धरला.

लॅच उघडलं. हे आत आले. चपला जागेवर काढल्या. आपल्याकडे बघतायत हे त्यांना कळत होतं, त्यामुळे मान ताठ, चेहऱ्यावर हसू. ठरल्याप्रमाणे गॅलरीकडे तोंड केलं आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाले,

"वा! झकास सोफा आहे. ऐटबाज. हॉलला शोभा आली."

त्या भिंतीवर काहीही नव्हतं. जुन्या शोकेसचा फिका डाग तेवढा.

मुलाला वाटलं, बाबा थट्टा करतायत. तो हसला. मग हसू अर्ध्यावर थांबलं. सुनेचा हात तोंडाशी गेला. आणि ह्यांनी पाऊल टाकलं. एक. दुसरं. आठ दिवस घोकलेली पावलं होती ती, त्यात जराही कचरणं नव्हतं. टेबल अगदी समोर. माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! शपथ आली. कदाचित नुसती पोटरी लागेल, आपण हसण्यावारी नेऊ, हेही आलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्या एका पावलापुरती मी गप्प राहिले.

मग ओरडले. "थांबा! समोर काच आहे!"

ते थांबले. पोटरी आणि काच यांच्यात चार बोटं जागा असेल.

"सांगितलंसच आहे तर पूर्ण सांग," हे म्हणाले. तोंड अजून भिंतीकडेच. "सोफा कुठे आहे?"

"तुमच्या उजव्या हाताला. आतल्या भिंतीशी."

"म्हणजे मी भिंतीचं कौतुक केलं." मग मुलाला, "व्हिडिओ झाला का काढून?"

मुलाचा फोन खाली आला होता. "आई," तो म्हणाला, "किती दिवस?" मी दोन वर्षं म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की माझ्यानं बघवेना. तो ह्यांच्यावर नाही, माझ्यावर चिडला. "गॅसपाशी काही झालं असतं तर? जिन्यात पडले असते तर? तू लपवलंस? तू?" मी ऐकून घेतलं. त्याचं चुकत नव्हतं. शेवटी म्हणाला, "ते काही नाही. बॅगा भरा. आजच खराडीला."

"तिथे मला भिंतीसुद्धा अनोळखी आहेत रे," हे म्हणाले. एवढं हळू बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सून पुढे झाली, टेबलाला दोन्ही हात लावून ते करकरत गॅलरीकडे ओढत नेलं. मग ह्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "बाबा, एक विचारते. तुम्ही पांढरी काठी वापरता का?"

"नाही."

"का?"

"सगळ्यांना कळेल."

"मग ठरवा तुम्हीच. काठी घेतलीत, खाली सगळ्यांना सांगितलंत आणि दिवसभराची बाई ठेवलीत, तर दिवाळीपर्यंत इथे, मग पुढचं बघू. आम्ही काही बोलणार नाही. लपवायचं असेल तर मात्र चला आमच्याकडे. लपवून इथे राहणं आता नाही." नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू मधे बोलू नकोस."

करंज्या कुणी खाल्ल्या नाहीत. डब्यात भरून खराडीला गेल्या.

तीन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. नव्या सोफ्याच्या एका टोकाला बसून राहायचे, बाकावरही जात नव्हते. सुनेनं पाठवलेली काठी घडी घालून टेबलावर पडलेली. मीही विषय काढला नाही. शपथ मी मोडली होती, मी कुठल्या तोंडानं सांगणार की काठी घ्या? मनात मात्र बॅगा भरायला घेतल्या होत्या. लोखंडी कपाट कुणाला द्यायचं, तुळस नेता येईल का, असलं सगळं.

चौथ्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाले, "ती उघडायची कशी?"

मला तरी कुठे माहीत! दोघं खटपट करत बसलो. एकदम खटाखट उघडली आणि माझ्या चष्म्याला लागली. पेपर काखेत घ्यायला लागले, मग म्हणाले, "राहू दे हा आज." आणि दाराबाहेर पडले. मी बरोबर निघाले तर, "तू नको."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमचा दुसराच मजला, खालचं बोलणं वर ऐकू येतं. बाकावर नेहमीचे तिघं होते, वाचन चाललं होतं. लिफ्टनं उतरून हे बाहेर आले, काठी फरशीवर टकटक करत. वाचन बंद पडलं. मला वाटलं, परत फिरणार आता.

शेवटी त्यातला एक म्हणाला, "काय हो, काठी? म्हातारे झालात की काय?"

"म्हातारा कधीचाच आहे," हे म्हणाले. "आंधळाही दोन वर्षं आहे. तुम्हाला कुणाला दिसलं नाही, यात माझा काय दोष?"

मग तो काठीबद्दल बोललेला माणूस उठला, बाकावरून बाजूला झाला आणि त्यानं हात धरून ह्यांना आपल्या जागेवर बसवलं. ह्यांनी हात झटकून टाकला असता एरवी. त्या दिवशी नाही झटकला.

थोड्या वेळानं पेपर पुन्हा सुरू झाला, आणि लगेच वादही. ह्यांचाच आवाज सगळ्यांत वर. मी आत आले आणि दिवसभराच्या बाईसाठी सुनेला फोन लावला.