धुक्यात पडलेला छज्जा

तुमच्या सदरातले अनुभव वाचून मी बरेचदा हसले आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाका येतात... काहीतरीच! माझे वडील ग्वाल्हेरला दाना ओलीत फोटो स्टुडिओ चालवायचे. निगेटिव्हवर उमटलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. आणि पंचाईत नेमकी तिथेच झाली.

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, त्यानंतरचा पहिला हिवाळा. राजधानी भोपाळला गेली होती आणि आमच्याकडच्या प्रत्येक मराठी घरात एकच विषय — कोणाची बदली झाली, कोण सीनियर ठरलं, कोणाला खाली ढकललं. आमचे हे सरकारी ओव्हरसियर. ग्वाल्हेरच्याच कंपू भागात एका नव्या सरकारी ऑफिसचं बांधकाम ह्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं.

इमारत काय होती म्हणून सांगू! आमच्या गावात तोवर जाळ्या, कमानी आणि घुमट. ही मात्र सपाट, पांढरी, लांबच लांब खिडक्यांची. दारावर काँक्रीटचा भला मोठा छज्जा — खाली एकही खांब नाही, नुसता हवेत पुढे काढलेला. मला तर वेडच लागलं तिचं. कामाचे फोटो भोपाळला पाठवायला लागायचे, ते मी काढायची. पण माझा खरा जीव धुक्यात. जानेवारीत सकाळी असं धुकं पडायचं की मागचा किल्ला गडप, आणि धुक्यात ही एकटी पांढरी इमारत उभी. बाबांचा फोल्डिंग कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन मी निघायची. लोक म्हणायचे, ओव्हरसियरची बायको थोडी सटकलेली आहे. म्हणू देत.

छज्जा ओतून झाला होता, त्याखाली अजून बल्ल्या — लाकडी टेकू — उभ्या होत्या. असाच एका धुक्याच्या सकाळी रोल काढला, घरी येऊन धुतला, निगेटिव्ह उजेडात धरली आणि म्हटलं, हे काय?

छज्जा खाली पडलेला. भिंतीपाशी मोडून पुढची कड जमिनीला टेकलेली. बल्ल्या नाहीतच. बाकी खिडक्या, भिंती, सगळं जागच्या जागी. मी प्रिंट काढली, भिंग लावलं... बाजूच्या रेतीच्या ढिगावर ह्यांची हॅट ठेवलेली होती. आणि त्या सकाळी हे साइटवर गेलेच नव्हते हो, घरी दाढी करत होते!

भर थंडीत मला दरदरून घाम फुटला. कारण ह्यांची एक रीत होती. कुठल्याही छताच्या बल्ल्या काढताना हे स्वतः त्याखाली उभे राहायचे. हॅट काढून बाजूला ठेवायची, मधोमध जाऊन उभं राहायचं आणि मग हुकूम द्यायचा. मजुरांना भरवसा वाटतो म्हणे.

मी प्रिंट ह्यांच्यासमोर ठेवली. "डबल एक्सपोजर झालं असेल," हे म्हणाले.

"अहो, पडलेल्या छज्ज्याचा फोटो मी आधी काढला तरी कुठे, की त्याच्यावर दुसरा उमटेल?"

"मग लेन्सचा दोष."

"लेन्स तुमची हॅट कुठून आणेल?"

त्यावर हे भडकले. "भोपाळहून साहेब येणार आहेत, इथे नोकरीचं काय होणार ते ठरायचंय, आणि मी बायकोच्या फोटोपायी काम थांबवलं म्हणून सांगू? लोग हँसेंगे!"

बरं. मी पण जिद्दी. स्टुडिओतला दुसरा कॅमेरा घेतला, नवा रोल घातला, पुन्हा धुकं पडलं त्या सकाळी जाऊन उभी राहिले. डोळ्यांना छज्जा साफ दिसत होता, बल्ल्यांसकट. निगेटिव्हवर पुन्हा पडलेला, आणि रेतीच्या ढिगावर तीच हॅट. दुपारच्या उन्हात काढून पाहिला, तर ठीकठाक! डोकं चालेना. पण एक ठरवलं — कारण कळो न कळो, ह्यांना त्या छज्ज्याखाली उभं राहू द्यायचं नाही.

बल्ल्या काढायच्या दिवशी छान ऊन पडलं होतं. मजूर घण घेऊन तयार. ह्यांनी हॅट काढली, रेतीच्या ढिगावर ठेवली... अगदी तिथेच. मी पदर खोचला आणि ह्यांच्या आधी छज्ज्याखाली जाऊन उभी राहिले.

"बाईसाब, वहाँ से हट जाइए," हेडमिस्त्री ओरडला.

"अगं, बाहेर ये!" हे म्हणाले.

"का? पक्का आहे न? मग आज तुमच्या जागी मी. काढा बल्ल्या."

"सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस."

"तमाशा कसला? तुमचा कामावर भरवसा, माझा तुमच्यावर. सांगा न मिस्त्रीला!"

खोटं कशाला बोलू, वर बघायची हिंमत नव्हती. पण मी हलले तर हे आत येणार हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पाय रोवून उभी राहिले.

सगळे मजूर ह्यांच्याकडे बघत उभे. हुकूम निघेना. स्वतः खाली उभं राहताना ज्यांची पापणी कधी लवली नाही, त्यांना मला उभं करून 'काढा' एवढा एक शब्द बोलवेना. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मिस्त्री, रहने दो. पहले ऊपर से तोड़ के देखो."

मिस्त्री वर चढला. भिंतीलगत छिन्नी चालली, काँक्रीट निघत गेलं, आणि सळई काही दिसेना. साध्या छतात मधोमध लोखंड खालच्या अंगाला घालतात. असा हवेत काढलेला छज्जा असेल तर ते वरच्या अंगाला लागतं, नाहीतर टेकू निघाला की तो भिंतीपाशी मोडतो. छज्जा ओतला त्या दिवसांत ह्यांना नोकरीच्या कागदांसाठी भोपाळला बोलावलं होतं. मागे ठेकेदाराच्या माणसांनी सवयीप्रमाणे सगळ्या सळया खाली टाकल्या. परत आल्यावर वरून काय दिसणार? गुळगुळीत काँक्रीट.

हे रेतीवर मटकन बसले.

छज्जा तोडून पुन्हा ओतला. ठपका अर्थात ह्यांच्यावर आला, बढती अडली, दूर जंगलात बदली झाली. मी खुशीत सामान बांधलं. निघायच्या आधी धुक्यात नव्या छज्ज्याचेही फोटो काढले. सरळ आले, आहे तसे.

कोणी म्हणतं, तू नकळत काहीतरी चूक हेरली असशील. हेरली असेल माझ्या मनाने. कॅमेऱ्याला मन कुठलं? आणि दोन्ही कॅमेऱ्यांना एकच हॅट कशी दिसली? मला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही. प्रिंट माझ्याजवळ आहेत, कोणीही घरी येऊन बघा.

हे लिहून झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. आता ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून वाचावं लागलं. सगळं ऐकून म्हणाले, "ठीक आहे. फक्त मी रडलो होतो ते लिहू नकोस."

मी लिहिलंच नव्हतं हो. पण आता त्यांनीच विषय काढलाय तर सांगते — त्या रेतीवर बसून, सगळ्या मजुरांदेखत, माझे दोन्ही हात घट्ट धरून हे लहान मुलासारखे रडले होते.